गाभण मेंढ्यांना पेंडीऐवजी झाडपाल्याची पावडर चालते का? कोणता पाला, किती, कधीपासून?

कळपवाला:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच सांगून टाकतो. लहान कळप आहे, बहुतेक मेंढ्या गाभण आहेत, नर एकदमच सोडला होता त्यामुळे थोड्याफार फरकाने सगळ्या एकाच सुमाराला व्यायला येणार, अजून दोन-अडीच महिने हातात आहेत. सध्या वाळलं गवत, कडधान्याचा भुसा आणि संध्याकाळी थोडी पेंड असं चाललंय. पेंड परवडेनाशी झालीय हे वेगळं सांगायला नको. बांधावर शेवगा आहे, सुबाभूळ तर नको तितकी आहे, गिरीपुष्पाचं कुंपण आहे आणि थोडी तुती.

एक जण म्हणतो पाला वाळव, दळ, पोत्यात भरून ठेव, पेंडीइतकंच प्रोटीन असतं, पेंड बंदच करून टाक. दुसरा म्हणतो गाभण मेंढीला सुबाभूळ दाखवूसुद्धा नको, केस गळतात आणि गाभडतात. शेवग्याबद्दलही कोणीतरी घाबरवून ठेवलंय. आता नेमकं खरं काय? पेंड पूर्ण बंद करता येते का, पावडर किती द्यायची, आणि दळायची कितपत बारीक? ज्यांनी प्रत्यक्ष खाऊ घातलंय त्यांनी सांगावं, व्हिडिओची लिंक नको प्लीज, ते सगळे बघून झालेत आणि त्यांनीच गोंधळ वाढवलाय.

चारापाणी:
पूर्ण बंद नको. अर्धी कमी करा, अर्ध्या प्रोटीनची सोय पाल्यावर.

आणि "पेंडीइतकंच प्रोटीन" हे कोणत्या पेंडीबद्दल बोलताय त्यावर आहे भाऊ. शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५ टक्के प्रोटीन असतं, सरकी पेंड टरफलासकट काढलेली असेल तर तिच्यात साधारण २०-२३ टक्केच असतं. चांगल्या वाळलेल्या पाल्यात २०-२५, शेवगा नुसती पानं असतील तर २५-३० पर्यंत. म्हणजे तुम्ही टरफलाची सरकी पेंड देत असाल तर तुमचा तो मित्र बरोबर बोलतोय, शेंगदाणा पेंड देत असाल तर सपशेल चूक. १०० ग्रॅम शेंगपेंडीची भरपाई करायला पावणेदोनशे ग्रॅम तरी पावडर लागते.

यात लोक फसतात ते मापात. पेंडीसाठी जो डबा वापरायचे तोच डबा पावडरीला वापरतात. पावडर हलकी फुसफुशीत, डबा तोच भरला तरी वजन निम्म्याच्या आसपास, त्यात प्रोटीनही निम्मं, म्हणजे मेंढीला मिळालं पाव आणि मालक म्हणतो मी तर पेंडीइतकंच देतोय. आधी काट्यावर एक डबा मोजा मग बाकीचं बोलू.

रवंथ:
चारापाणी भाऊंनी मापाचं बरोबर सांगितलं. मी पाल्याबद्दल लिहितो कारण "झाडपाला" म्हणून सगळं एका पोत्यात घालायची गोष्ट नाही ही, प्रत्येक झाडाची खोड वेगळी.

तुमच्याकडे जे आहे त्यात गाभण मेंढीसाठी माझी पहिली पसंती तुती. प्रोटीन १५ ते २५ टक्क्यांच्या मधे, कोवळा पाला असेल तर जास्त, आणि पचायला इतका सोपा दुसरा पाला क्वचितच सापडेल. विषारी म्हणावं असं त्यात काही नाही. पण तुमच्याकडे तुती थोडीच आहे म्हणताय, तर ती शेवटच्या महिन्यासाठी आणि जुळं वाटतंय अशा मेंढ्यांसाठी राखून ठेवा.

दुसरा शेवगा. प्रोटीन भरपूर, टॅनिन (प्रोटीन पचू न देणारं तुरट द्रव्य) कमी. फक्त एक लक्षात घ्या, २५-३० टक्क्यांचा आकडा सांगतात तो नुसत्या पानांचा. आपण फांदी झोडपतो तेव्हा सगळे देठ आणि कोवळ्या काड्या त्यातच येतात, अशा मालात प्रोटीन बरंच खाली उतरतं. काड्या खाऊ घालायला हरकत काही नाही, फक्त हिशोब करताना २८ टक्के धरू नका, २० धरा.

सुबाभूळ. यावर इतकी भांडणं होतात की बास. त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यांत सगळ्यात जास्त. केस गळतात हे शंभर टक्के खरं, इतकं खरं की ऑस्ट्रेलियात एकेकाळी मेंढ्यांची लोकर कात्रीशिवाय उतरवता येईल का म्हणून मिमोसिन देऊन प्रयोग झालेत. पण गाभण मेंढीत माझी काळजी लोकरीची नाही. मिमोसिनचं पोटात रूपांतर होऊन जे डीएचपी तयार होतं ते थायरॉइडचं काम अडवतं. आईला ते बाहेरून कळणारही नाही, पण पोटातल्या कोकराची वाढ खुंटते, कमी वजनाचं जन्मतं, गळ्याशी गाठ घेऊन जन्मू शकतं. आयोडीनचं मीठ चाटवलं म्हणजे झालं असं नाही, कारण अडचण आयोडीन कमी असल्याची नसते, असलेलं वापरता न येण्याची असते.

आता दुसरी बाजू. काही जनावरांच्या पोटात असे जिवाणू असतात जे डीएचपीच फोडून टाकतात. हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत कशा हे बघताना ते लक्षात आलं, त्यांच्या पोटातलं पाणी ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजलं तर त्यांनाही सुबाभूळ पचायला लागली, आणि पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं. जिथे जनावरं पिढ्यान्पिढ्या सुबाभूळ खातात तिथे ते आपोआप एकमेकांकडे जातात. पण तुमच्या मेंढ्यांत ते आहेत का हे बघून कळत नाही. म्हणून नियम असा ठेवा की रोज जेवढं वाळलं खाणं पोटात जातं त्याच्या ३० टक्क्यांवर सुबाभूळ एरवीसुद्धा जाऊ द्यायची नाही आणि गाभण असेल तर मी तर १०-१५ टक्क्यांवरच थांबतो. आधी कधी खाल्लीच नसेल तर शेवटच्या दीड महिन्यात नव्याने सुरू करूच नका. वाळवल्याने मिमोसिन कमी होतं पण संपत नाही, "उन्हात टाकलं की विष गेलं" हे खोटं आहे.

गिरीपुष्प, प्रोटीन २०-२५ टक्के, पण वास. मेंढ्या आधी हुंगून तोंड फिरवतात. एक-दोन दिवस सुकवलं की खातात आणि एकदा सवय लागली की मग अडचण नाही. यात कुमारिन असतं, तो वास त्याचाच. पाला नीट वाळला तर काही नाही, पण ओलसर राहून बुरशी धरली तर त्याच कुमारिनपासून रक्त पातळ करणारं द्रव्य बनू शकतं. व्यायच्या वेळेला रक्त न गोठणं म्हणजे काय ते सांगायला नको.

कळपवाला:
@रवंथ जबरदस्त माहिती, धन्यवाद. सुबाभूळ माझ्या मेंढ्या येताजाता ओरबाडतात, म्हणजे खाल्लेली आहे, पण कधी भरपूर दिलेली नाही. मग ती थोडी आणि शेवगा जास्त असं करतो.

शेवग्याचं ते गाभडण्याचं मात्र राहिलं. आणि कडुनिंब? तोही आहे एक मोठा, जंत जातात म्हणतात.

रवंथ:
कडुनिंब गाभण जनावराला नकोच. गर्भ राहण्यावर आणि टिकण्यावर त्याचा परिणाम होतो असं प्रयोगांत दिसलेलं आहे, वर कडू इतका की त्याच्यामुळे बाकीचं खाणंही कमी होतं. जंताचं औषध गाभण काळात कोणतं चालतं ते डॉक्टरला विचारून द्या.

शेवग्यात भीती मुळाची आणि सालीची आहे, ती देऊ नका. पानांच्या बाबतीत जे प्रयोग लोक दाखवतात ते बहुतेक उंदरांना पानांचा अर्क मोठ्या मात्रेत पाजलेले आहेत. अर्क वेगळा आणि खाण्यात मिसळलेली पाव किलो पानं वेगळी. शेळ्यामेंढ्यांना शेवग्याची पानं खाद्य म्हणून भरपूर ठिकाणी देतात. तरी गाभ राहिल्यावरचा पहिला महिना कोणताच मोठा बदल करू नये, तेव्हा गर्भ नीट रुजलेला नसतो, पण तुमच्या मेंढ्या तो टप्पा कधीच ओलांडून गेल्यात.

जुनं_मेंढरू:
मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

दळायचं कशाला? हे पावडरीचं फॅड कोंबडीवाल्यांकडून आलंय. कोंबडीला दात नाहीत म्हणून तिला दळून लागतं. मेंढीला परमेश्वराने दाढा दिल्यात आणि रवंथ करायला अख्खा दिवस दिलाय. पीठ करून घातलं की ते पोटात थांबत नाही, रवंथ कमी होतं, लाळ कमी सुटते, आणि खाताना नाकातोंडात धुरळा जाऊन मेंढ्या शिंकत-खोकत बसतात. वाळलेला पाला पोत्यात घालून काठीने बडवला की जेवढा चुरा होतो तेवढा पुरे. दळायचंच असेल तर जाड, आणि खाऊ घालताना पाण्याचा किंवा मळीच्या पाण्याचा हबका मारायचा म्हणजे उडत नाही.

आता खरं कारण सांगतो. मेंढी अख्खा पाला समोर असला तर निवडून खाते, नको ते बाजूला सारते. पीठ केलंत की तिची निवडच संपली. बांधावरून पाला गोळा करताना त्यात कण्हेरीची चार पानं आली तर? कण्हेर वाळली तरी विषारीच राहते, आणि मेंढी मरायला थोडीशीच पुरते. घाणेरीचं तसंच, तिने यकृत खराब होतं, उन्हात कातडी सोलून निघते. अख्ख्या पाल्यात ही पानं डोळ्याला दिसतात. दळल्यावर सगळं एकच हिरवं. मजूर लावून पाला झोडायला सांगितला आणि पोती थेट गिरणीत नेली असं केलेलं मी पाहिलंय, माझ्या तर अंगावर काटा आला होता.

चारापाणी:
दादा मुद्दा मान्य, पण साठवायला चुरा केलेलाच बरा, अख्खा पाला जागा किती खातो. आणि सुट्टा पाला दिला की बळकट मेंढ्या पानं पानं खाऊन जातात, मागं राहिलेल्यांना देठ. मिसळून दिलं की सगळ्यांना सारखं.

जुनं_मेंढरू:
त्याला दळणं हा उपाय नाही, गव्हाण लांब करणं हा उपाय आहे. गाभण मेंढीला खाताना दीड फूट तरी जागा पाहिजे. पोट मोठं झालेली मेंढी रेटारेटीत मागंच राहते, आणि नेमकं तिलाच जास्त लागतं.

स्टेथोस्कोप:
चर्चा छान चाललीय पण सगळे प्रोटीन प्रोटीन करताय, मला वाटतं गाभण मेंढीत घात होतो तो बहुतेक वेळा एनर्जीमुळे. थोडं सविस्तर लिहितो.

मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवस. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत कोकराची जवळजवळ ७० टक्के वाढ होते. मधल्या काळात, म्हणजे अंदाजे ३० ते ९० दिवसांत, वार वाढत असते, तेव्हा फार उपाशी ठेवलं तर पुढे कितीही चारलं तरी कोकरू लहानच राहतं, पण त्या काळात गरज फार नसते, साधा बरा चारा आणि एकूण खाण्यात ९-१० टक्के प्रोटीन चालून जातं. शेवटी ते ११-१२ टक्के लागतं. आणि गंमत अशी की नेमकी गरज वाढते तेव्हाच पोटात जागा कमी होते, जुळी कोकरं रुमेनला (रवंथाच्या मोठ्या पोटाला) दाबून टाकतात. मेंढी एका वेळी जास्त खाऊच शकत नाही. अशा वेळी फुसफुशीत पाल्याने तिचं पोट भरून टाकलं तर प्रोटीन मिळालं पण एनर्जी कुठून आणणार?

एनर्जी कमी पडली की ती अंगातली चरबी जाळते, यकृतात चरबी साचते, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) वाढतात. याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात. मेंढी कळपातून मागं राहते, खाणं सोडते, दात खाते, नजर शून्यात, भिंतीला डोकं टेकून उभी राहते, तोंडाला गोडसर वास. एकदा आडवी झाली की वाचणं अवघड, त्यामुळे मागं राहायला लागली त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

अजून एक. एनर्जी नसताना नुसतं प्रोटीन वाढवलं तर ते वाया जातं असं नाही, उलट भुर्दंड पडतो. जास्तीचं प्रोटीन रुमेनमध्ये अमोनिया होतं, तो यकृताला युरिया करून लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो आणि त्यालाही एनर्जी खर्च होते. म्हणून पाल्याबरोबर मका भरडा किंवा दुसरं धान्य हवंच.

हिशोब मांडून दाखवतो. ४०-४५ किलोची मेंढी, शेवटचे सहा आठवडे, दिवसाला सव्वा ते दीड किलो वाळलं खाणं. समजा ७०० ग्रॅम कडधान्याचा भुसा ७ टक्के प्रोटीनचा, म्हणजे ४९ ग्रॅम. पाल्याचा चुरा ३०० ग्रॅम २४ टक्क्यांचा, म्हणजे ७२ ग्रॅम. मका भरडा ३०० ग्रॅम ९ टक्क्यांचा, म्हणजे २७ ग्रॅम. एकूण १३०० ग्रॅम खाण्यात १४८ ग्रॅम प्रोटीन, साधारण ११.४ टक्के. म्हणजे कागदावर एक कोकरू असलेल्या मेंढीचं पेंडीशिवाय भागतं. पण भुशाऐवजी साधं वाळलं गवत असेल, ज्यात ४ टक्केच प्रोटीन असतं, तर हेच गणित ९.८ टक्क्यांवर येऊन पडतं. त्यामुळे चारापाणी म्हणाले तसं थोडी पेंड ठेवाच, जुळी असतील तर नक्कीच, आणि मका वाढवताना दोन वेळात विभागून हळूहळू वाढवा नाहीतर ॲसिडिटीने दुसरंच दुखणं मागे लागेल.

ता. क. पाल्यात कॅल्शियम भरपूर पण फॉस्फरस कमी असतो. थोडा गव्हाचा कोंडा मिसळला तर तो तोल बराच सावरतो. मिनरल मिक्श्चर सोडू नका.

तुतीवाली:
वाळवण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

पाला सावलीत वाळवायचा. कडक उन्हात पटकन वाळतो पण हिरवा रंग उडतो, आणि रंग उडाला म्हणजे कॅरोटीन गेलं समजा. कोरड्या दिवसांत गाभण मेंढीला हिरवं मिळत नाही तेव्हा ए जीवनसत्व तिला या कॅरोटीनमधूनच मिळणार असतं. ते फार कमी पडलं तर कोकरं अशक्त किंवा आंधळी जन्मतात, मेलेली जन्मतात, वार अडकते. प्रोटीनसाठी पाला वाळवताय आणि हे फुकट मिळतंय ते उन्हात घालवू नका.

मी शेडमध्ये जाळीवर पातळ थर पसरते, चार बोटांपेक्षा जाड नाही, सकाळ-संध्याकाळ उलथते. दोन-तीन दिवस लागतात, हवा दमट असेल तर जास्त. वाळला का हे बघायचं पानावरून नाही, देठावरून. पान वरून कुरकुरीत वाटतं पण देठ वाकवला तर वाकतो, तुटत नाही, म्हणजे आत ओल आहे. देठ कट्कन मोडला की पोत्यात भरायचा. एवढ्यात पाणी दहा-बारा टक्क्यांच्या खाली आलेलं असतं. भरल्यावर तीन-चार दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं. आत गरम लागलं तर ताबडतोब सगळं ओतून परत पसरायचं. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवायची नाहीत, खाली फळ्या. चांगला माल हिरवा राहतो आणि चहापत्तीसारखा खुळखुळतो. तपकिरी काळपट, कुबट वासाचा, बोटाला चिकटणारा असेल तर गाभण मेंढीपुढे तो टाकायचाच नाही, बुरशीच्या विषाने गाभडतात.

आणि @कळपवाला दादा, किती पाला तोडावा लागेल याचा विचार केलाय का? ओल्या पाल्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, चार-पाच किलो ओल्याचा एक किलो वाळलेला होतो. समजा वीस मेंढ्या, रोज २५० ग्रॅम, ४५ दिवस. २२५ किलो वाळलेला लागला. म्हणजे टनभर ओली पानं, तीही काड्या सोडून. तुमच्या बांधावर तेवढा शेवगा आहे का?

कळपवाला:
ताई हा हिशोब मी केलाच नव्हता 😅 टनभर म्हणजे फारच झालं. शेवगा आणि तुती मिळून निम्मंही निघेल की नाही शंका आहे, बाकी गिरीपुष्पावरच भागवावं लागेल.

तयार पावडर विकत मिळते ती घेतली तर? आणि कमी पडतं तिथे थोडा युरिया चालतो का, भुशावर मारतात तसा?

चारापाणी:
विकतची घ्यायची तर आधी मूठभर पाण्यात टाकून ढवळून बघा. पाला तरंगतो, माती-वाळू तळाला बसते. तळाचा गाळ बघूनच ठरवा. वजन वाढवायला काय काय असतं त्यात ते बघाल. आणि जुने दादा म्हणाले तेच, दळलेल्या मालात कोणतं पान आहे ते विकणारा सांगेल तेच खरं मानायचं.

स्टेथोस्कोप:
युरिया नको. रीतसर प्रक्रिया केलेला भुसा ही वेगळी गोष्ट, पण घरच्या घरी अंदाजाने पाण्यात कालवून गाभण मेंढ्यांना देऊ नका. एखादीने जास्त खाल्ला तर तासाभरात विषबाधा, आणि शेवटच्या महिन्यात यकृतावर आधीच ताण असतो.

पाला कमी असेल तर सगळा काळ थोडा थोडा देण्यापेक्षा जिथे गरज तिथे वापरा ना. आता मधल्या टप्प्यात भुसा आणि जो मिळेल तो ओला चारा यावर चालू द्या, पाल्याचा साठा शेवटच्या सहा आठवड्यांसाठी. फक्त सवय आधी लावा. सहा आठवडे राहण्याच्या आधीच दहा-पंधरा दिवस रोज मूठ मूठ वाढवत न्या म्हणजे रुमेनमधले जिवाणू तयार होतात. व्यायच्या तोंडावर एकदम खाणं बदललं तर दोन-तीन दिवस मेंढी कमी खाते आणि तेवढा खंड टॉक्सिमियाला पुरतो.

मेंढ्यांना हात लावून बघत जा. कमरेच्या कण्यावर बोटं दाबली तर हाडं दाबल्यावर लागली पाहिजेत, पण टोचायला नकोत. लोकरीमुळे डोळ्याला सगळ्या गुबगुबीतच दिसतात. हाडं टोचणाऱ्या वेगळ्या काढा, पेंड त्यांना. ज्या बऱ्या आहेत त्यांना पाला-मका.

जुनं_मेंढरू:
हे डॉक्टरसाहेबांनी शेवटी सांगितलं ते आधी करा. कळप दोन भागांत केला तर निम्मी पेंड तशीच वाचते, पाला वाळवायच्या आधीच.

नवी_कोकरं:
मधेच विचारते, सॉरी. माझ्या मेंढ्यांना मागच्या वेताला कास नीट भरली नव्हती, चीक अगदी कमी. पाला दिल्याने चीक वाढतो का?

स्टेथोस्कोप:
@नवी_कोकरं पाल्यात दूध वाढवणारी जादू आहे असं नाही. कास शेवटच्या महिन्यात बनते आणि तेव्हा प्रोटीन आणि एनर्जी दोन्ही कमी पडलं की चीक कमी आणि घट्ट येतो. तुमच्याकडे नुसत्या वाळल्या चाऱ्यावर होत्या का मेंढ्या? असतील तर वरचं मिश्रण देऊन फरक पडायला हवा. पण एकाच बाजूची कास कमी असेल किंवा गाठ लागत असेल तर तो दगडी (कासेचा दाह) असू शकतो, तो खाण्याने जायचा नाही, कास दाखवून घ्या. आंत्रविषाराच्या (आतड्यात जंतूंचं विष होण्याच्या रोगाच्या) लसीचा डोसही याच महिन्यात येतो, व्यायच्या चारेक आठवडे आधी, म्हणजे चिकातून कोकरांना संरक्षण जातं. कोकराला पहिल्या दोन तासांत चीक मिळाला पाहिजे, पाजायला मदत करावी लागली तरी.

नवी_कोकरं:
हो, नुसत्या कडब्यावर होत्या. समजलं. थँक्यू सर.

कळपवाला:
बरं मग असं ठरवतो. मेंढ्यांची पाठ तपासून दोन गट. बऱ्यांना भुसा, मका, शेवगा-गिरीपुष्पाचा जाड चुरा, त्यात सुबाभूळ अगदी थोडी. रोडक्यांना आणि जुळं वाटतंय त्यांना अर्धी पेंड आणि तुती. कोंडा आणि मिनरल दोघांना. दळत नाही, बडवतो. काही चुकत असेल तर सांगा.

एकच शंका, गिरीपुष्प मागच्या आठवड्यात थोडं तोडून पोत्यात भरलंय, तेव्हा देठ बघायचं माहीत नव्हतं. आज हात घातला तर मधोमध कोमट आहे आणि एका कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसतंय. पांढरं काढून बाकीचं परत वाळवलं तर चालेल?

रवंथ:
नाही. बुरशी दिसते तेवढीच नसते, आणि गिरीपुष्पात तर नाहीच चालणार, वर लिहिलंय ते कुमारिनचं परत वाचा. वाळवल्याने बुरशी मरेल, तिने केलेलं विष जाणार नाही. अख्खं पोतं खताच्या खड्ड्यात टाका, आणि खड्डा उघडा असेल तर वर माती ओढा, मेंढ्या तिथे जाऊन खातात.

तुतीवाली:
आणि पोतं परत वापरू नका, निदान धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाका. नवीन पाला त्याच पोत्यात भरला की बुरशी तिथूनच सुरू होते.